मागचा हॉर्न आणि आपला क्लच: ठाण्यात नव्याने गाडी चालवणाऱ्यांसाठी

तीन हात नाक्याच्या सिग्नलला माझी गाडी लागोपाठ तीन वेळा बंद पडली तेव्हा माझं वय ४२ होतं आणि पक्कं लायसन्स हातात येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. मागे टीएमटीची बस, डावीकडे रिक्षा, उजवीकडे दोन बाइक, आणि सगळ्यांचे हॉर्न एका सुरात. मी चावी फिरवतेय, गाडी गचका देतेय, पुन्हा बंद. शेवटी शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून शांतपणे सांगितलं, "ताई, आधी न्यूट्रल करा." गाडी पहिल्या गिअरमध्येच होती आणि घाबरून क्लचवरचा पाय कधीच सुटला होता.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तरी पुढचे चार महिने मी गाडीला हात लावला नाही. नंतर भाचीला शिकवताना, सोसायटीतल्या दोघीतिघींच्या शेजारी बसताना तेच पुन्हा पुन्हा दिसलं. विचारलं तर सगळ्या अपघाताची भीती सांगतात. प्रत्यक्षात पाय लटपटतात ते मागून हॉर्न वाजल्यावर. मागच्याची घाई आपण अंगावर घेतो आणि मग नको तिथे क्लच सोडतो, नको तेव्हा वळतो. खाली जे लिहिलंय ते सगळं मागच्याला पुरेसा वेळ थांबवून ठेवायला कसं शिकायचं, याबद्दल आहे.

कागद, थोडक्यात

शिकाऊ लायसन्ससाठी 'सारथी' पोर्टलवर अर्ज करायचा. आधार जोडलेलं असेल तर परीक्षा घरबसल्या देता येते, ६० टक्के उत्तरं बरोबर आली की पास. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरकडून १-ए नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि ३० दिवस पूर्ण झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही.

बहुतेक जण एकतिसाव्या दिवसाची अपॉइंटमेंट शोधत असतात. माझा सल्ला उलटा आहे: अडीच-तीन महिने थांबा. शिकाऊ लायसन्सवर शेजारी लायसन्सवालं माणूस बसलंच पाहिजे ही कायद्याची सक्ती आहे, म्हणजे घरातलं कुणी कंटाळून "आता जा की तू एकटी" असं म्हणू शकत नाही. ही सवलत महिनाभरात संपवून टाकण्यात काय अर्थ आहे?

गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच, असं नियमातच आहे. पेनाने वहीच्या कागदावर काढलेला एल चालत नाही. घरात अठरा पूर्ण न झालेलं कुणी "फक्त सोसायटीच्या गेटपर्यंत" म्हणून चावी मागत असेल तर देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

स्कूलमध्ये गाडी कोण चालवत होतं?

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. वीस दिवसांत आपल्याला वाटतं, जमलं की! खरं तर प्रत्येक कठीण जागी सरांचा पाय हळूच काम करत असतो. माझे सर एकीकडे फोनवर बोलत आणि दुसरीकडे माझा क्लच सांभाळत. त्यामुळे स्वतःच्या गाडीत बसल्यावर पहिल्याच दिवशी गाडी पाच वेळा बंद पडली तर आपण 'ढ' आहोत असं समजू नका. तुमच्या पायांचा तो खरा पहिला दिवस आहे.

स्कूलमध्ये असतानाच, शेवटच्या आठवड्यात, सरांना सरळ सांगा: "सर, पाय काढून घ्या, बंद पडली तर पडू दे." बरेच सर ऐकतात.

बसण्याची जागा

क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. हात पुढे करून मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. बाजूच्या आरशांत आपल्या गाडीची फक्त बारीक पट्टी दिसावी, बाकी सगळा रस्ता. साडी-ओढणी आवरून घ्या, मागे पट्टा असलेली चप्पल घाला. पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या पायाशी कधीही ठेवायची नाही. ती घरंगळत ब्रेकखाली गेली तर ब्रेक दाबलाच जात नाही. ही एक गोष्ट मी गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला बजावते आणि प्रत्येक जण बाटली तिथेच ठेवतो.

क्लच: इथे घाई नको

सपाट, रिकामी जागा शोधा. आठवडाभर फक्त एकच काम करायचं. पहिला गिअर, रेस अजिबात नाही. टाच जमिनीला टेकवून क्लच इतका हळू सोडायचा की शेजारचा कंटाळला पाहिजे. एका जागी इंजिनचा आवाज जडावतो, गाडीचं नाक नकळत वर येतं, सीटमधून बारीक थरथर जाणवते. ती जागा म्हणजे हाफ क्लच. तिथे पाय थांबवा, एक-दोन-तीन मोजा. गाडी आपोआप रांगायला लागेल. ती चालत्या माणसाच्या वेगाला आली की मगच बाकीचा क्लच सोडा. पुन्हा दाबा, ब्रेक, थांबा. असं रोज वीस वेळा.

बहुतेकांची चूक हाफ क्लचच्या जागेवर पोचेपर्यंत होत नाही. तिथे पोचल्यावर, गाडी हलली या आनंदात ते पाय एकदम उचलतात. गचका बसतो तो तिथे. ते 'एक-दोन-तीन' मोजणं म्हणूनच आहे. पुढे ते आपोआप सुटतं.

मग चढ. ठाण्यातल्या नवशिक्याचा पहिला चढ म्हणजे आपल्याच इमारतीच्या पार्किंगचा रॅम्प. मध्यावर गाडी थांबवा. हँडब्रेक पूर्ण ओढा, गिअर न्यूट्रलला. दोन्ही पाय आता मोकळे आहेत, गाडी कुठेही जात नाही, हे आधी मनाला पटू दे. पहिला गिअर, थोडी रेस, क्लच हाफवर. नाक वर आलं, आवाज जडावला, की हँडब्रेक सोडा. नाक वर आलं नसेल तर सोडू नका, मग मागे कितीही गाड्या असोत. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत हिल होल्ड असतो, पण तो दोनेक सेकंदच गाडी धरतो. कोपरीच्या किंवा कळव्याच्या पुलावर चढता चढता ट्रॅफिक अडकलं की त्या दोन सेकंदांचा काही भरवसा नाही. हँडब्रेकवाली पद्धत हाताशी असू द्या.

आणि बंद पडलीच तर काय करायचं ते पाठ करा, पाढ्यासारखं: ब्रेक, क्लच, न्यूट्रल, स्टार्ट, पहिला, चला. मी रिकाम्या रस्त्यावर मुद्दाम गाडी बंद पाडून मोबाइलवर वेळ मोजली. आठ सेकंद. आठ सेकंद मागची बस थांबू शकते. भाचीकडून मी हे मुद्दाम पन्नास वेळा करून घेतलं. ती वैतागून म्हणाली, "मावशी, तू मला गाडी चालवायला शिकवतेयस की बंद पाडायला?" दोन्ही, म्हटलं.

ऑटोमॅटिक घेतली असेल तर हा सगळा भाग सुटला, पण एक पथ्य आहे: डावा पाय कायमचा बाजूला टेकवून ठेवायचा. रेस आणि ब्रेक दोन्ही उजव्याच पायाने. पार्किंगमध्ये भिंतीवर गेलेल्या गाड्यांची गोष्ट बहुधा ब्रेक समजून रेस दाबल्याचीच असते. ब्रेकवरून पाय काढला की गाडी स्वतःहून रांगते, तेव्हा पार्क करताना रेसला हातच लावू नका. म्हणजे पायच.

शेजारी कोण?

घरातलं सगळ्यात अनुभवी माणूस नको, सगळ्यात शांत माणूस हवं. आमचे हे पंचवीस वर्षं गाडी चालवतात, पण माझ्या शेजारी बसले की त्यांचा उजवा पाय मॅटमध्ये घुसायचा आणि तोंडातून "अगं ब्रेक, ब्रेक!" त्या "ब्रेक"मुळे मी दोनदा भर रस्त्यात थांबले आहे, पुढे काहीही नसताना. शेवटी धाकट्या दिराला बरोबर घेतलं. त्याच्याशी आधी ठरवलं: तीनच शब्द. 'हळू', 'थांब' आणि 'जाऊ दे त्याला'. बाकी सगळी चर्चा गाडी उभी केल्यावर, टपरीवर चहा घेताना.

रस्त्यांचा क्रम

वेळ रविवारची सकाळ, सहा-साडेसहा. वागळे इस्टेटमधले आतले रस्ते त्या वेळी बरे. उभे टेम्पो मात्र सांभाळायचे. उपवन तलाव आणि येऊरचा रस्ता छान दिसतो म्हणून नवशिके तिकडे वळतात. नका जाऊ. सकाळी तिथे चालणारे, पळणारे आणि सायकलवाले असतात आणि येऊरला वळणं व चढ एकत्र येतात.

पहिले दोन आठवडे फक्त डावीकडे वळायचं. घरातून निघून डावं, डावं, डावं घेत पुन्हा दारात येणारी फेरी प्रत्येकाच्या घराभोवती असते. माझी पोखरण रोड नंबर दोनच्या आतल्या गल्ल्यांतून होती, दीडेक किलोमीटरची. समोरून येणारी गाडी ओलांडावी लागत नाही, त्यामुळे डोकं गिअर आणि आरशांसाठी मोकळं राहतं. तीच फेरी इतक्या वेळा मारायची की कोणता गतिरोधक कुठे आहे ते झोपेत सांगता आलं पाहिजे. मग तीच उलट दिशेने, म्हणजे सगळी उजवी वळणं. मग यू-टर्न.

उजवीकडे वळताना नवशिक्याला वाटतं, मी थांबलेय, मागचे खोळंबलेत, निघायला हवं. समोरून येणाऱ्या गाडीचा वेग तुम्हाला अजून ओळखता येत नाही, ही प्रामाणिक अडचण आहे. म्हणून साधा नियम: शंका आली की ती गाडी जाऊ द्यायची. आणि वळण्याची वाट बघताना चाकं सरळ ठेवा, आधीच वळवून ठेवू नका; मागून कुणी धक्का दिला तर गाडी समोरच्या लेनमध्ये ढकलली जाते.

यानंतर पूल. पूर्व द्रुतगती मार्गावरून सकाळी मुलुंडच्या दिशेने जाऊन ऐरोली पुलावर डावीकडे वळा. खाडीवरून जाणारा तो सरळ पूल चौथ्या-पाचव्या गिअरची ओळख व्हायला उत्तम. आनंदनगर नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना टोल नाही, पण मोठ्या गाड्या टोलसाठी लेन बदलत असतात, तेव्हा आपली लेन धरून सावकाश. पाम बीच रोडचा मोह थोडा पुढे ढकला. रस्ता सरळ आणि रुंद असला की आपला वेग किती झाला ते आपल्याला कळतच नाही.

माजिवडा आणि कापूरबावडी सगळ्यात शेवटी. तिथली खरी परीक्षा लेनची असते. कोणता पूल कुठे जातो ते आधी कुणाच्या तरी शेजारी बसून बघून या, कारण पुलावर जायचं की पुलाखालून, ते मोबाइलवरच्या बाईंना नेहमी वेळेत कळतं असं नाही. मला घोडबंदर रोडला जायचं होतं आणि मी नाशिकच्या बाजूच्या पुलावर चढले. आयत्या वेळी डावीकडे घुसण्याचा विचार मनात आला होता, शेजारून कंटेनर जात होता. गेले मग सरळ, साकेत पूल ओलांडून खारेगावपर्यंत. पंचवीस मिनिटं आणि थोडं पेट्रोल गेलं, बाकी काही नाही. वळण चुकलं की चुकलं, पुढून फिरून यायचं. ब्रेक मारून किंवा रिव्हर्स घेऊन ते दुरुस्त करायचं नाही.

घोडबंदर रोडला मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, तिन्ही ठिकाणी पूल आहेत. तिथल्या आतल्या वस्त्यांत जायचं असेल तर पूल दिसण्याच्या बऱ्याच आधी डावीकडे या. मेट्रोच्या खांबांची आणि खोदकामाची पत्र्यांची कुंपणं आज इथे तर उद्या तिथे असतात, म्हणून कालचा रस्ता आजही तसाच असेल असं धरून चालू नका. गायमुखचा घाट पहिल्या वर्षात रात्री टाळा. चढ, वळणं, खड्डे आणि दोन्ही बाजूंना अवजड गाड्या.

हॉर्नची भाषा

ठाण्यातला हॉर्न बहुतेक वेळा शिवी नसते. एक छोटी 'पिप' म्हणजे 'मी तुमच्या बाजूला आहे'. सिग्नल हिरवा होण्याआधीच वाजणारा हॉर्न म्हणजे निव्वळ सवय. लांबच लांब हॉर्न म्हणजे मागच्याला तुमच्या पुढचं काही दिसत नाहीये. म्हाताऱ्या आजोबांना रस्ता ओलांडू देण्यासाठी तुम्ही थांबलात, ते बसच्या मागच्या गाडीला कसं दिसणार?

हॉर्न वाजला की क्रम एकच: आधी समोर बघा, मग आरशात, मग ठरवा. पाय मात्र आवाजावर हलता कामा नये. भाचीला मी यासाठी चक्क घरी, सोफ्यावर बसवून सराव दिला. मी तोंडाने हॉर्न वाजवायचा आणि तिने पाय न हलवता समोरच्या खुर्च्या मोजायच्या. हसू नका, उपयोग झाला.

पक्कं लायसन्स आल्यावर मागच्या काचेवर 'नवीन चालक' असा ठळक कागद लावा. काही जण मुद्दाम कट मारतात हे खरं, पण त्याहून कितीतरी जास्त लोक दोन हात लांब राहतात.

कोण काय करेल, याचा अंदाज

रिक्षा बघू नका, फुटपाथवरचा हात बघा. हात वर झाला की पुढची रिक्षा इंडिकेटर न देता तिथेच थांबणार. बाइक डावीकडून येणार हे गृहीत धरा; डावीकडे वळण्याआधी डावा आरसा आणि मान वळवून एक नजर, नेहमी. ट्रकच्या आरशात तुम्हाला त्याच्या ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. त्याच्या डाव्या बाजूला रेंगाळू नका, एकतर मागे राहा किंवा झटकन पुढे जा.

सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतकं अंतर ठेवा, चढावर त्याहून जास्त. चालताना अंतर ठेवलं की कुणीतरी त्यात घुसणारच. घुसू द्या आणि पुन्हा अंतर पाडा. दहा जण घुसले तरी घरी पोचायला फार तर मिनिटभर उशीर होईल.

स्टेशन परिसर आणि जांभळी नाका हे भाग गाडी पक्की हातात येईपर्यंत विसरा. तिकडे जायचं तर रिक्षाने. दहीहंडी आणि विसर्जनाच्या दिवशी तर जुने ड्रायव्हरही गाडी काढत नाहीत.

पाऊस

पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं आणि डांबर साबणासारखं होतं. त्या दिवशी सगळं निम्म्या वेगाने. आतून काच धुरकटली तर फडका शोधत बसू नका, एसी लावून हवेचा झोत पुढच्या काचेवर सोडा, दोन मिनिटांत साफ होते. दिवसाही हेडलाइट लावा, पण डिपरवर, म्हणजे झोत खाली. चारही इंडिकेटर लावून चालू नका, कारण मग तुम्ही वळणार आहात की नाही ते मागच्याला कळत नाही.

साचलेलं पाणी पुढच्या गाडीच्या अर्ध्या चाकाच्या वर जात असेल तर मागे फिरा. वंदना टॉकीजच्या आसपास पाणी साचतं हे ठाणेकरांना सांगायला नको. जावंच लागलं तर पहिला गिअर, रेस एकसारखी, मध्ये गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी मात्र पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर चावी फिरवल्याने कामच उठतं. बाहेर पडलात की ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून सुकवून घ्या.

घासली तर

घासणारच. कुणाला लागलं असेल तर बाकी सगळं नंतर: १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस, आणि जागेवरून निघून जायचं नाही. नुसता पत्र्याला पत्रा लागला असेल तर चारही इंडिकेटर लावा, दोन्ही गाड्यांचे नंबरासकट फोटो काढा आणि गाडी कडेला घ्या. रस्त्याच्या मधोमध चूक कुणाची ते ठरवायला जाऊ नका. तोवर मागे शंभर गाड्या जमतात आणि प्रत्येक जण न्यायाधीश होतो. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये असलं की पोलिसांना दाखवायला पुरतं.

विम्याचा दावा करणार असाल तर गॅरेजला हात लावू देण्याआधी कंपनीला कळवा. छोट्या ओरखड्यासाठी मात्र दावा करण्यापूर्वी हिशेब करा. पहिलं वर्ष दाव्याशिवाय गेलं की पुढच्या हप्त्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर २० टक्के सूट मिळते, ती दोन हजारांच्या रंगकामापायी घालवण्यात शहाणपण नाही. आणि रंग लगेच देऊच नका. पार्किंगच्या खांबाशी अजून एक-दोनदा तरी भेट व्हायची आहे, वर्षाच्या शेवटी सगळं एकदमच करून घ्या.